दवाखान्याच्या दारावरची पाटी



आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. एस. टी. वरची पाटी तुम्ही वाचता. रेशनच्या दुकानावरचा फळा वाचता. तालुक्याच्या गावी गेलात तर दुकानांची नावे वाचत पुढे जाता. फ्लूची साथ आली म्हणजे दवाखान्याच्या दारावरही एक पाटी लागते. तिच्यावर साधारण असे लिहिलेले असते :

"फ्लूची साथ चालू आहे. एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबेल. भेटण्याची वेळ 4 ते 6. लहान मुलांना आत आणू नये. सर्दी, ताप, खोकला असणाऱ्यांनी भेटायला येऊ नये. तोंडाला मास्क लावावा. हात धुवावेत."

पाटी वाचता येते. पण ती मनाला पटते का? पुष्कळांना पटत नाही. दारावर रोज भांडणे होतात. म्हणून ही पाटी का लावतात, तिच्यातल्या एकेका ओळीचा अर्थ काय, हे आज आपण समजून घेऊ.

आपली रीत

आपल्याकडे माणूस आजारी पडले की त्याला भेटायला जाण्याची रीत आहे. रीत चांगली आहे. दुखणाईताला धीर येतो. घरच्यांना आधार वाटतो. कोणी दूध घेऊन जातो, कोणी भाकरी, कोणी हातावर चार पैसे ठेवतो. गावातला माणूस सिव्हिलमध्ये ठेवला आहे असे कळले की एक टेम्पो ठरतो. त्यात भाऊबंद बसतात, शेजारी बसतात, आत्या-मामी बसतात. घरी ठेवायला कोणी नाही म्हणून पोरेही बसतात. जो गेला नाही त्याला बोल लागतो. "माझा बाप दवाखान्यात पडला होता, तेव्हा तू आला नाहीस," हे वाक्य वीस वर्षांनीसुद्धा ऐकावे लागते.

असा टेम्पो दवाखान्याच्या दारात थांबतो. आणि दारावरचा शिपाई म्हणतो,

"पास कुणाकडं आहे? एकानंच आत जायचं."

"अहो दादा, आम्ही तीस कोस लांबून आलो. म्हातारं माणूस आहे आमचं आत."

"मावशी, मला कळतंय. पण साथ चालू आहे. एकानं जा, बघून या, मग दुसऱ्यानं जा. पोरांना मात्र न्यायचं नाही."

"आम्ही काय चोर आहोत? आमच्याच माणसाला भेटायची चोरी?"

मावशींचा राग खोटा नाही. शिपायाचे म्हणणेही खोटे नाही. दोघांनाही त्या म्हाताऱ्या माणसाचे बरे व्हावे असेच वाटते. मग तंटा कशाचा? तंटा आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पाहुण्याचा. टेम्पोतून दहा माणसे उतरलेली दिसली. त्यांच्याबरोबर अकरावा कोण उतरला, ते कोणालाच दिसले नाही.

हा अकरावा पाहुणा कोण?

हा पाहुणा म्हणजे फ्लूचा विषाणू. विषाणू म्हणजे फार बारीक रोगबीज. किती बारीक? पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. तिच्यावरच्या दोन बारीक रेघांमध्ये एक मिलिमीटर जागा असते. तेवढ्या जागेत फ्लूचे सुमारे दहा हजार विषाणू एका ओळीत बसतील. माणसाला फ्लू करणारा हा विषाणू 1933 साली शास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा काढून दाखवला. त्याआधी रोग दिसत होता, पण रोगाचे बीज सापडत नव्हते.

साधे पडसे आणि फ्लू यांत फरक आहे. पडशात नाक गळते, शिंका येतात, दोन-चार दिवसांत माणूस कामाला लागतो. फ्लू एकदम येतो. सकाळी शेतात असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरुणात पडतो. ताप चढतो, अंग मोडून येते, डोके दुखते, घसा धरतो, कोरडा खोकला लागतो.

धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात उठतो. पण सगळेच धडधाकट नसतात. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर बाया, मधुमेहाचे, दम्याचे, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रोगी यांना फ्लू जड जातो. त्यांच्यात तो छातीत उतरतो. न्यूमोनिया होतो. श्वास पुरत नाही. कधी कधी जीवही जातो.

आता विचार करा. जड जाणारी ही सगळी माणसे एका छपराखाली कोठे भेटतील? देवळात नाही, बाजारात नाही. ती दवाखान्यात भेटतील. दवाखाना म्हणजे अशाच अशक्त माणसांचे गाव. म्हणून त्या गावाच्या वेशीवर पहारा लागतो.

तो पसरतो कसा?

फ्लूचा रोगी खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून बारीक थेंब उडतात. तीन ते सहा फुटांच्या आत बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात ते सहज जातात. फार बारीक थेंब कोंदट खोलीत हवेतही तरंगत राहतात. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट हाताची. माणूस हातात शिंकतो. तोच हात खाटेच्या दांडीला, दाराच्या कडीला, पाण्याच्या नळाला लावतो. लोखंडावर, स्टीलवर, प्लास्टिकवर हा विषाणू एक-दोन दिवसही टिकू शकतो. मग दुसरा माणूस त्याच कडीला हात लावतो आणि तो हात डोळ्याला किंवा नाकाला लावतो. कोणी खोकले नाही, कोणी शिंकले नाही, तरी रोग पोचला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फ्लूचे बीज अंगात शिरल्यावर एक ते चार दिवसांनी ताप येतो. पण ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो. म्हणजे आज जो म्हणतो, "मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे," तो उद्या अंथरुणात असू शकतो. आणि आजच्या त्याच्या भेटीत त्याने रोग पोचवलेला असू शकतो. तो खोटे बोलला नाही. त्याला माहीतच नव्हते. म्हणून नुसत्या आजारी दिसणाऱ्या माणसाला अडवून भागत नाही. धट्ट्याकट्ट्यांची गर्दीही कमी करावी लागते.

आपण हे पूर्वी भोगले आहे

फ्लू आपल्याला नवा नाही. 1918 साली पहिले महायुद्ध संपत आले होते. त्या वर्षी जून महिन्यात हा रोग मुंबईत उतरला. बंदरातून जहाजांची ये-जा चालू होती. पहिल्या पहिल्या रोग्यांत पोलीस शिपाई होते. त्यांतला एक बंदरावर पहाऱ्याला होता. मुंबईतून आगगाडीने रोग देशभर गेला. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली, ती फार भयंकर होती. 6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. घरात धान्य नाही आणि अंगात ताप, अशी लोकांची दशा झाली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या लोकांनी त्या तापाला 'मानमोडी' म्हटले. नावावरूनच कळते, तो किती झोडपून गेला ते.

त्यानंतर 1957 आणि 1968 सालीही मोठ्या साथी जगभर फिरल्या. 2009 साली पुन्हा एक नवा फ्लू आला. लोक त्याला स्वाइन फ्लू म्हणू लागले. 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात त्याने देशातला पहिला बळी घेतला. ती एक शाळकरी मुलगी होती. शहर घाबरले. शाळा बंद झाल्या, सिनेमागृहे बंद झाली. आणि तपासणीसाठी पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर माणसांच्या लांबच लांब रांगा लागल्या. ज्यांना साधे पडसे होते तेही त्या रांगेत, आणि ज्यांना खरा फ्लू होता तेही त्याच रांगेत. रोग टाळायला आलेली माणसे रोग्याला चिकटून तासन्‌तास उभी होती. घाबरून केलेली गर्दी ही अशी उलटते.

2015 साली तोच फ्लू पुन्हा जोरात आला. त्या वर्षी देशात 42 हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले आणि जवळजवळ 3 हजार माणसे दगावली. आता तो दरवर्षी थोडाफार येतच असतो. आपल्या महाराष्ट्रात त्याचे दोन हंगाम आहेत. एक पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. दुसरा थंडीच्या शेवटी, जानेवारी ते मार्च. पेरणी-कापणीसारखे हे हंगाम ध्यानात ठेवावेत.

थोडा हिशेब करू

समजा, एका वॉर्डात तीस खाटा आहेत. प्रत्येक रोग्याला दिवसभरात चार माणसे भेटायला आली. किती झाली? एकशे वीस. ती घरी गेली. प्रत्येकाच्या घरी आणखी पाच माणसे आहेत. एकशे वीस गुणिले पाच, म्हणजे सहाशे. एका वॉर्डाची एका दिवसाची हवा सहाशे माणसांच्या घरात पोचली. त्यांतल्या काहींनीच जरी रोग नेला, तरी पाचपंचवीस गावांत ठिणगी पडली.

आता हाच हिशेब उलटा करा. एकशे वीस माणसे बाहेरून आत आली. त्यांतल्या तिघांच्याच अंगात फ्लू आहे आणि त्यांना तो माहीत नाही. ते वॉर्डात गेले. ज्याला भेटायला आले त्याच्या खाटेवर बसले. शेजारच्या खाटेवर मधुमेहाने पाय चिघळलेले एक बाबा आहेत. पलीकडे कालच पोट फाडून ऑपरेशन झालेली एक बाई आहे. तिला खोकला लागला तर टाके ताणतात, जीव कासावीस होतो. या दोघांचे आणि पाहुण्यांचे काही नाते नाही. पण रोग नाते विचारून येत नाही.

आणखी एक तोटा आहे. तो लवकर ध्यानात येत नाही. वॉर्डातल्या सिस्टरबाईंना फ्लू झाला तर? त्यांना रजेवर जावे लागते. एक सिस्टर रजेवर गेली की तीस रोग्यांचे सलाइन, इंजेक्शन आणि औषध दुसऱ्या सिस्टरच्या अंगावर पडते. म्हणजे आपण भेटायला गेलो आपल्या माणसाच्या प्रेमापोटी, आणि त्याची काळजी घेणारे हातच कमी करून आलो.

एकेका नियमाचे कारण

*एका रोग्याजवळ एकच माणूस का?* रोग्याला पाणी द्यायला, औषध आणायला, डॉक्टरांचे ऐकायला एक माणूस लागतोच. तो रोज बदलू नये. बदलायचाच झाला तर दोन-तीन दिवसांनी बदलावा. जितकी नवी माणसे आत जातील, तितक्या नव्या वाटा रोगाला मिळतात. घरातला जो तब्येतीने चांगला आहे, ज्याला समजते आणि जो डॉक्टरांना न भिता विचारू शकतो, त्यालाच थांबवावे. गरोदर सुनेला किंवा सत्तरीच्या आजीला थांबवू नये.

*लहान मुले का नकोत?* मी मुलांच्या शाळेत आयुष्य काढले आहे. सोमवारी एक पोरगा शिंकत आला की शनिवारपर्यंत निम्मा वर्ग रिकामा झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे. मूल प्रत्येक वस्तूला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या अंगातून फ्लूचे बीज पाच ते सात दिवस बाहेर पडते. लहान मुलाच्या अंगातून ते त्याहून जास्त दिवस पडू शकते. म्हणजे मूल रोग लवकर घेते आणि जास्त दिवस वाटते. "नातवाचं तोंड बघितलं की आजोबा बरे होतील," असे आपण म्हणतो. नातवाचे तोंड फोनवर दाखवा. आजोबा घरी आल्यावर मांडीवर द्या.

*ठरलेली वेळच का?* सकाळी डॉक्टर तपासायला येतात. जखमा धुतात, फरशी पुसतात. तेव्हा माणसे मध्ये आली की काम अडते. ठरलेल्या वेळी दारावर माणूस उभा असतो. कोण आले, कोणाला खोकला आहे, ते त्याला पाहता येते.

*मास्क का? पदर किंवा उपरणे चालणार नाही का?* काहीच नसेल तर पदर धरावा. पण पदर घसरतो, त्याला सारखा हात लागतो. मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाकले पाहिजे. हनुवटीवर ओढलेला मास्क म्हणजे दार उघडे ठेवून कडीला कुलूप लावण्यासारखे आहे.

*हात का धुवायचे?* साबणाने फ्लूचे बीज मरते. नुसत्या पाण्याखाली बोटे भिजवून भागत नाही. साबण लावून तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि नखे सावकाश चोळा. सावकाश वीस आकडे मोजा. आत जाताना धुवा आणि बाहेर येतानाही धुवा. जातानाचे धुणे रोग्यासाठी, येतानाचे धुणे आपल्या घरासाठी.

*खाटेवर का बसायचे नाही?* खाट ही रोग्याची जागा. तिच्यावर त्याचा हात, त्याचे अंग, त्याचे खाणे. आपल्या धोतरावर, लुगड्यावर एस. टी. चा बाक आलेला असतो. स्टूल असेल तर त्यावर बसावे, नसेल तर उभे राहावे. दहा मिनिटे बोलावे आणि निघावे.

आता एक गैरसमज काढून टाकू. पाटी असे म्हणत नाही की ताप असणाऱ्याने दवाखान्यात पाऊलच ठेवू नये. ती म्हणते, ताप असताना वॉर्डात भेटायला येऊ नये. तुम्हाला स्वतःला ताप-खोकला असेल तर तपासून घ्यायला जरूर जा. त्याची खिडकी वेगळी असते, तेथे केसपेपर काढा. धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले, माणूस गुंगीत जाऊ लागला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर एक तासही दवडू नका. फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडते. 108 नंबरला फोन केला तर सरकारी रुग्णवाहिका येते.

"पण आमचं माणूस आत एकटं आहे"

आता मावशींच्या मनातली खरी गोष्ट घेऊ. त्यांना भीती वाटते. आत आपल्या माणसाकडे कोणी बघते का? त्याने पाणी मागितले तर कोणी देईल का? काही बरेवाईट झाले तर आपल्याला वेळेवर कळवतील का? ही भीती वेडगळ नाही. दवाखान्यात माणसे कमी असतात, रोगी जास्त असतात. म्हातारे माणूस नव्या जागेत एकटे राहिले की कधी कधी गोंधळते. दिवस की रात्र ते कळत नाही. आपली माणसे शोधू लागते. हेही खरे.

लोकांना न समजावता नियम लादला की काय होते, ते पुण्याने 1897 साली पाहिले. तेव्हा प्लेगची साथ होती. सरकारने गोरे सोल्जर घरोघर पाठवले. ते घरात शिरत, रोगी उचलत आणि इस्पितळात नेत. घरच्यांना धड काही सांगत नसत. लोक इतके धास्तावले की रोगी लपवू लागले. रोग दाबण्यासाठी केलेली सक्ती रोगालाच झाकण झाली. त्याच काळात लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. आणि सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी स्वतः प्लेगने गेल्या. माणसे रोगाला जितकी भितात, त्याहून जास्त परकेपणाला भितात. हा त्या वेळचा धडा आहे.

2020 साली करोनाची साथ आली तेव्हा तर कित्येक घरांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही नीट झाले नाही. ते दुःख अजून ताजे आहे. म्हणून दारावरचा नियम पाळावा हे जसे खरे, तसे दवाखान्यानेही काही पाळावे हे तितकेच खरे. आपण भांडू नये, पण विचारावे. पुढच्या चार गोष्टी शांतपणे मागून घ्याव्यात.

एक : आमच्या रोग्याची हकीकत रोज किती वाजता कळेल आणि कोण सांगेल?

दोन : आमच्यातल्या ह्या एका माणसाचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्या. काही कमीजास्त झाले तर त्याला कळवा.

तीन : दिवसातून एकदा रोग्याशी फोनवर बोलायला मिळेल का?

चार : रोग्याची अवस्था अवघड झाली तर घरच्या एकाला मास्क लावून भेटू द्याल ना?

पुष्कळ ठिकाणी याची उत्तरे चांगली मिळतात. दहा जणांनी दहा वेळा विचारले की सिस्टर वैतागते. एकाने नीट विचारले की ती सांगते. म्हणून घरातला एकच माणूस विचारणारा ठेवावा. त्याने बाकीच्यांना सांगावे.

नियमाला सूटही असते, हे ध्यानात असू द्या. लहान मूल दवाखान्यात ठेवले तर आई त्याच्याजवळ असावी लागते. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ घरची एक बाई सोबतीला असू द्यावी, असे सरकारी दवाखान्यांसाठी 2016 पासून धोरण आहे. मात्र त्या सोबतिणीला पसरणारा रोग असता कामा नये, हीसुद्धा त्यातलीच अट आहे. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ कोणाला जाऊ द्यायचे, ते डॉक्टर ठरवतात. अशा वेळी शिपायाशी हुज्जत घालू नये. त्याच्या हातात काही नसते. डॉक्टरांना किंवा मोठ्या सिस्टरबाईंना भेटावे.

बाहेर राहून काय करता येते?

"भेटलो नाही म्हणजे माया केली नाही," असे कोणी समजू नये. आत न जाताही पुष्कळ करता येते. खरे तर आत जाऊन उभे राहण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

आत थांबलेल्या माणसाकडे एक पिशवी पाठवा. तिच्यात काय असावे? रोग्याचा चष्मा, कवळी, कानाचे यंत्र, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड, फोन आणि त्याचा चार्जर. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, ते म्हातारे माणूस परक्या जागेत लवकर गोंधळते. त्याचा चष्मा त्याच्या नाकावर असला की सगळ्या टेम्पोइतका धीर त्याला येतो.

घरून डबा पाठवा, पण डॉक्टरांना विचारून. मधुमेहाच्या रोग्याला पेढे आणि दम लागलेल्याला केळ्यांचा घड, असे होऊ नये. डबा दारावर द्यावा.

आत रात्रंदिवस जो थांबला आहे, त्याची आठवण ठेवा. त्याला भाकरी पाठवा. दोन दिवसांनी त्याला सुट्टी द्या.

आणि गावात राहून त्याच्या घरचे बघा. म्हातारा दवाखान्यात आहे, मुलगा त्याच्याजवळ आहे. मग गोठ्यातली म्हैस कोण पिळणार? शेताला पाणी कोण देणार? पोरांना शाळेत कोण घालवणार? टेम्पोला जे भाडे पडणार होते, ते वर्गणी करून त्या मुलाच्या हातावर ठेवा. औषधाला होईल. "तुझी म्हैस मी पिळली, तू इकडची काळजी करू नकोस," असा एक निरोप आत गेला की बाप आणि मुलगा दोघेही सुखाने झोपतील. ह्याहून मोठी भेट कोणती?

रोगी घरी आला म्हणजेही लगेच ओसरी भरू नये. दवाखान्यातून आलेले शरीर हडकलेले असते. आठवडाभर त्याला निवांत पडू द्यावे. मग सावकाश एकेकाने जावे. तेव्हा पोटभर बोलावे.

एक शेवटची गोष्ट. दवाखान्याच्या दारावर गर्दीत पुष्कळ माणसे अशी असतात की त्यांना पाटी वाचता येत नाही. त्यांना वाटते, आपण गरीब म्हणून आपल्याला अडवले. तुम्हाला आता वाचता येते. तुम्ही त्यांना पाटी वाचून दाखवा. नुसती वाचू नका, तिचे कारणही सांगा. शिपायाने हटकलेले मनाला लागते. आपल्यातल्याच एखाद्याने "ताई, आत कालचं ऑपरेशन झालेली बाई आहे, तिच्यासाठी हे आहे," असे सांगितले तर ते पटते. चार अक्षरे शिकल्याचा असा उपयोग झाला तर एखाद्या परक्या माणसाचा जीव वाचेल. त्याला ते कधी कळणारही नाही. पण तुम्हाला कळेल.

ध्यानात ठेवा

1. ताप, खोकला, पडसे असेल तर भेटायला जाऊ नका. तपासून घ्यायला जा.
2. एका रोग्याजवळ एकच माणूस ठेवा. तोच डॉक्टरांना विचारेल, तोच सर्वांना सांगेल.
3. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना वॉर्डात नेऊ नका.
4. मास्क नाकावर हवा. हात जाताना धुवा, येतानाही धुवा.
5. खाटेवर बसू नका. दहा मिनिटांत निघा.
6. अडचण असेल तर शिपायाशी भांडू नका, डॉक्टरांशी बोला.
7. रोग्याच्या घरचे काम उचलणे हीदेखील भेटच आहे.

वर्गात बोला

1. ज्याला ताप नाही त्यालाही दारावर का अडवतात?
2. तुमच्या गावातला माणूस उद्या दवाखान्यात ठेवला, तर त्याच्याजवळ कोण थांबेल? त्याच्या घरचे कोणते काम कोण करील? नावे घालून यादी लिहा.
3. वॉर्डात चाळीस खाटा आहेत. प्रत्येक रोग्याला तीन माणसे भेटायला आली. एकूण किती माणसे आत गेली? प्रत्येकाच्या घरी चार माणसे असतील, तर वॉर्डाची हवा किती जणांपर्यंत पोचली?